बेट उठायची वाट

दिपालीचा फोन आला की मुंजाबाचा पहिला सवाल ठरलेला. "पाणी कुठंवर आलं?"

दिपाली ही त्याची एकुलती एक लेक. मालदीवच्या एका एवढ्याशा बेटावर सरकारी दवाखान्यात नर्स. बेट केवढं, तर एका टोकाला बिडी पेटवावी अन् दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर ती विझावी. भोवती नुसता समुद्र. वर्षातले काही महिने वारा एका अंगानं वाहतो, तेव्हा वाळू अलीकडच्या काठाला जमते. वारं फिरलं की तीच वाळू पलीकडं जाते. गेलेली वाळू आधी माघारी यायची. आता सगळी येत नाय. काठ खचत चाललाय, नारळाची झाडं मुळासकट आडवी पडलीत, विहिरी खारट झाल्यात. पोरगी हे सगळं मोबाईलवर दाखवायची. तिला वाटायचं, आबाला आपली काळजी लागलीय, म्हणून विचारतो.

काळजी कसली डोंबलाची! मुंजाबा वाट बघत होता. काठ गेला की सरकार माणसं हलवणार, माणसं हलली की दवाखाना बंद, अन् दवाखाना बंद झाला की लेक घरी. अख्खं गाव बुडावं म्हणून कुणी देव पाण्यात ठेवून बसतं का? हा बाबा बसला होता.

तसा माणूस वाईट नव्हता हो, एकटेपणानं पार वाळून गेला होता. त्याचं जन्मगाव नाथसागर धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. मग पाचोडकडं मेंढरं राखली, लग्न केलं. लेकीला नर्स व्हायचं होतं, म्हणून मेंढरं विकून बायकोला, बानाबाईला, घेऊन शहरात आला. लेक शिकली, परदेशी गेली, अन् मागोमाग तापाचं निमित्त होऊन बानाबाई गेली. आता शहागंजाच्या मागं एका गल्लीत खोली, अन् गुलमंडीत एका कापडाच्या दुकानाच्या दारात स्टूल. गिऱ्हाइकांच्या चपला अन् स्कूटरी सांभाळायच्या. दिवसभर समोरून ही गर्दी वाहायची, पण "ओ काका, जरा सरका" यापलीकडं त्याच्याशी कुणी बोलायचं नाय. संध्याकाळी खोलीवर जाऊन एकच भाकरी थापायची. बोलायची सवय मोडू नये म्हणून तो गॅसशी बोलायचा. "पेट की लेका, तुला बी आता माझा कंटाळा आला व्हय?"

दुकानातला कडुबा तेवढा त्याची टिंगल करायचा. लेक गेल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात तर मुंजाबानं त्याला सोळा आणे संधीच दिली. बिचाऱ्याला धास्ती पडली होती की होळी झाली की समुद्र उतरंल, काठ उघडा पडंल, अन् पोरीचं बेट पुन्हा होतं तेवढं व्हईल. धरणाकाठचा माणूस, त्याला पाणी म्हणजे तेच ठाऊक. नाथसागर चैत-वैशाखात मागं सरतो, एखाद्या वर्षी जुन्या गावातला बिरोबाचा ओटा उघडा पडतो. मग चहूकडं पांगलेली माणसं चिखल तुडवत तिथं जमतात, देवाला निवद दाखवतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात अन् अंधाराच्या आत आपापल्या वाटेनं जातात. मुंजाबाला वाटलं, समुद्राचं बी असंच असंल.

"अहो आबा, समुद्राला काय दरवाजे हायेत का, उघडले अन् पाणी सोडलं?" कडुबा पोट धरधरून हसला. मुंजाबाचा जीव मात्र भांड्यात पडला.

अन् यंदा खरंच बेट उठायची वेळ आली. राजधानीजवळ समुद्रात वाळू ओतून नवी जमीन केली होती, तिच्यावर उंच उंच इमारती. सरकार म्हणालं, चला तिकडं. पण अट अशी की बेटावरची सगळी घरं राजी पाहिजेत. सगळी झाली, एक म्हातारी अडून बसली. आमिनाथ तिचं नाव.

"आमिनाथ? बाई हाय का गडी?" मुंजाबानं विचारलं. "आपला अजिनाथकाका ऐकंल तर जेवायचा नाय."

"बाई हाय आबा. तिच्या घराची मागची भिंत समुद्रात गेली. नवऱ्याची कबर पार काठाला आलीय. ती उठंना, खाईना. पोरंबाळं सांगून थकली."

मुंजाबाला त्या म्हातारीचा असा काय राग आला! सवतीवर धरावा तसा त्यानं तिच्यावर डूख धरला. कुठली कोण, अन् आपली पोरगी अडवून बसलीय.

पुढच्या रविवारी दुपारी दिपालीचा फोन आला, तर ती त्या म्हातारीच्याच अंगणात बसलेली. "आबा, मी हिला तुझ्या गावाचं सांगितलं. म्हणते, त्या माणसाशी बोलायचंय. तू आपलं मराठीत बोल, मी तिच्या भाषेत सांगते. तुमी कसे उठलात, ते सांग. तुझं ऐकंल ती."

"अन् ऐकलं तर?"

"तर सगळेच जातील. दवाखाना बी बंद व्हईल. मग मी येते की घरी."

मुंजाबा ताडकन उभाच राहिला. देव पावला होता! दोन गोड शब्द बोलायचे, बस्स. नव्या गावात नळ असतो, सडक असते, माणूस रमतो. त्यात काय अवघड हाय?

मोबाईलवर म्हातारी आली. डोक्याला रुमाल, गालफडं बसलेली. तिनं मुंजाबाकडं नीट बघून घेतलं अन् काहीतरी विचारलं.

"ती विचारते, गाव सोडल्यावर सुखात राहिलात का?"

मुंजाबानं तोंड उघडलं. एवढासा 'व्हय', पण तो काही केल्या बाहेर येईना.

"सांग तिला," तो शेवटी म्हणाला, "नळ मिळाला. सडक मिळाली. पण आक्का, आमची आळी मोडली. एक घर इकडं दिलं, दुसरं तिकडं. गावात माझं रडू ऐकून चार घरं धावत यायची. इथं बानाबाई गेली तर खांद्याला माणसं दुकानातून आणावी लागली. मागं मी तापानं फणफणलो, खोलीत पडून होतो, दारावर कुणी थाप मारली नाय. उद्या मेलो तर वास सुटल्यावर कळंल लोकांला. म्हणून सांगतो, आत्ता उठू नको. आधी सरकारला म्हण, आमची घरं होती तशीच शेजारी शेजारी द्या. ते कबूल व्हस्तोवर हलू नको, वर्ष लागू दे नाहीतर दोन."

दिपाली वाक्यामागून वाक्य उलटून सांगत होती. मुंजाबाच्या तापाचं मात्र तिनं म्हातारीला सांगितलंच नाय.

"तू कधी आजारी होतास, आबा?"

"तू आधी तिला सांग."

"मला का नाय कळवलं?"

"सांग की बाय. ती थांबलीय."

दिपालीनं पदर नव्हता म्हणून बाहीला डोळे पुसले अन् उरलेलं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली. मग मोबाईलच्या अगदी जवळ तोंड आणून तिनं हळूच काहीतरी विचारलं.

"ती म्हणते, मग ह्या माणसाला तिथं बघणारं कोण हाय?"

मुंजाबानं खोलीत एकदा नजर फिरवली. गॅस, खाट, खुंटीला बानाबाईचं जुनं लुगडं.

"एक लेक हाय म्हणावं," तो म्हणाला. "ती तुझ्याकडं हाय, आक्का. तुझं घर नीट लागंस्तोवर ठेवून घे तिला."