चष्मेवाला ळ

इकडे उत्तरेत, सेक्टर बाविसातल्या माझ्या दुकानाला दुकान म्हणणं म्हणजे मोठेपणाच. जिन्याखालची फट होती ती. हे इथल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर, मी घरात बसून वैतागलेली. नव्वदीच्या सुरुवातीला इकडे जो तो काहीतरी उघडत होता, मीही पुरणपोळ्या विकायला बसले.

फट अरुंद, म्हणून पाटीही अरुंद. "फिकर नॉट जी," म्हणत पेंटरनं अक्षरं उंच, सडपातळ काढलीन, पिवळ्यावर लाल, एकमेकांना खेटून उभी. काय देखणी! पण वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. 'पुरणपोली'!

"अहो पेंटरजी, ल नहीं, ळ!" मी भिंतीवर खडूनं काढून दाखवला.

"ये तो ऐनक है जी," तो म्हणाला, म्हणजे चष्मा. पण काढलान. एरवी ऐसपैस पसरणारा ळ, त्यालाही पोट आत घ्यायला लावून रांगेत उभा केलान.

मुलगा तेव्हा शाळेत. मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र हिंदीतून. बाल्कनीतून मी "बाळ, जेवायला ये" अशी हाक मारली की खालची पोरं चेकाळायची, "ओय बाल! कटवा ले!" एकदा रडवेला होऊन म्हणाला, "मम्मी, मुझे वो मत बुलाओ." बरं बाबा, म्हटलं. तेव्हापासून ती हाक ओठांवर यायची आणि मी गिळायची. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पुढे तो आयटी पार्कात लागला. कॉम्प्युटरवर अक्षरं घडवायचं काम. एक दिवस कागद घेऊन दुकानात आला. जुन्या पाट्यांच्या ढंगाचा फॉन्ट, जाहिरातींच्या मथळ्यांसाठी. बघते तर माझ्याच पाटीची अक्षरं! मला अगदी भरून आलं. क पासून एकेकावर बोट ठेवत गेले. ह, क्ष, ज्ञ. अरे, ळ कुठाय?

"हिंदी में लगता नहीं, मम्मी. और इतना पतला करो तो दोनों गोले भर जाते हैं. किसको चाहिए?"

"मला! माझ्या पाटीवरून उचललंस आणि माझंच अक्षर गाळलंस? वा रे वा!" बोलण्याच्या नादात तव्यावरची पोळी करपली. चिडले कसली, दुखलंच मला. हा एवढा ळसुद्धा नको, तर माझ्याकडचं नेणार तरी काय होता तो?

कागद गुंडाळून निघून गेला. पण नंतर बरेच दिवस ऑफिसला जाताना पाटीखाली मान वर करून उभा राहायचा.

मग एका संध्याकाळी दुसरा कागद पुढे केलान. "देखो, गोले खुले हैं ना?"

होते. एकट्या ळवरून कसं जोखणार, म्हणून त्यानं तो एका शब्दात बसवला होतान. उंच, सडपातळ, ठसठशीत: बाळ.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"आता म्हणू का तसं?"

"घर में," तो मान खाली घालून म्हणाला. मग, "घरी. ऑफिसात फोन केलास तर नको."