फाइलमधलं शून्य

माझ्या पीएचडीचा विषय कुणी विचारला की मी सोपं करून सांगायचो. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये हल्ली एकच कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा भाग, नसतो, चार-चार, आठ-आठ असतात. काम कमी असताना सगळे जागे ठेवले तर वीज फुकट जाते. काम बघून कुणाला जागं ठेवायचं आणि कुणाला झोपवायचं, हे प्रोसेसरनं आपलं आपण ठरवावं, अशी पद्धत मी बसवत होतो. सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत शिकवत हे चाललं होतं.

चिप बनवून बघणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. चिपची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे सिम्युलेटर, वापरायचा. त्याला एका फाइलमधून आकडे द्यायचे: जागा कोअर किती वीज खातो, झोपलेला किती खातो, झोपलेल्याला उठवायला किती लागते. या शेवटच्या आकड्याच्या जागी मी सुरुवातीलाच शून्य टाकलं होतं. पुढं मोजून भरू म्हणून. उत्तरं चांगली यायला लागली आणि मी त्या ओळीकडं बघणं सोडलं. विसरलो असं लिहिलं तर ते खोटं होईल.

त्या वर्षी एमटेकला एक मुलगी आली. वळसंगहून रोज एसटीनं यायची. घरी कन्नड, बाहेर मराठी, वर्गात इंग्रजी, आणि तिन्हींत कमी बोलायची. माझं काम समजून घ्यावं म्हणून मी तिला सगळ्या फाइली दिल्या होत्या. आठवड्याभरानं दुपारी ती लॅबमध्ये माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, एक विचारू?"

"विचार की."

"कोअरला उठवायला आपण काहीच वीज धरली नाही. मुद्दाम का?"

"फार थोडी लागते ती."

"एकदा थोडी, सर. आपली पद्धत तर सारखी उठवते-झोपवते. आमच्या विहिरीवरची मोटर सारखी चालू-बंद केली की बाबा ओरडतात. चालू होताना ती लई ओढते. आणि कोअर झोपला की त्याच्या हाताशी असलेली माहितीपण पुसली जाते ना? उठल्यावर ती परत मेमरीतून आणायची. म्हणजे परत वीज."

तिचं बरोबर होतं. हे मला तिचं वाक्य संपायच्या आत कळलं होतं. पण शोधनिबंध पाठवायला नऊ दिवस उरले होते.

"हे तुझ्या अभ्यासक्रमातलं नाही," मी म्हणालो.

"मग प्रोजेक्टला घेऊ का? लॅबमध्ये तयार प्रोसेसरचा बोर्ड आहे, वीज मोजायचा मीटर आहे. मी मोजते की, सर."

मी तिला दुसराच विषय दिला. इतरांचे शोधनिबंध गोळा करून त्यांचा आढावा घ्यायचा. ती "बरं सर" म्हणाली आणि वही मिटून गेली.

निबंध स्वीकारला गेला. कॉलेजच्या सभागृहात शाल, नारळ, भाषणं झाली. ती तिसऱ्या ओळीत बसली होती. इतरांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या, आणि मी दुसरीकडं बघितलं. दुसरं वर्ष सुरू होताना ती प्रवेश रद्द करायचा अर्ज घेऊन आली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं होतं. मी उभ्या उभ्या सही केली. बस म्हणालो नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही. खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

पीएचडी मिळाली. त्यानंतर दोनेक वर्षांनी एका परक्या संशोधकाची मेल आली. फार नम्र होती. आमचीच पद्धत वापरून त्यांनी बघितलं होतं, पण आमच्यासारखी उत्तरं येत नव्हती. कोअर उठवण्याचा आकडा आम्ही किती धरला होता, एवढंच त्यांना हवं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, लॅब रिकामी असताना, मी बोर्डाला मीटर जोडून मोजायला बसलो. तीन आठवडे लागले. मोठ्या, सलग कामाला माझी पद्धत वीज वाचवत होती. छोटी छोटी कामं सारखी येत राहिली, तर कुणालाच न झोपवता जेवढी वीज लागली असती त्याहून जास्त जात होती.

मी वळसंगला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. दारात तिची आई होती. "बर्री, बर्री," म्हणाली, आणि मला कन्नड कळत नाही हे लक्षात आल्यावर, "हितं पंख्याखाली बसा की. शाळंतनं येईल एवढ्यात."

ती गावच्याच शाळेत गणित शिकवत होती. मला बघून दचकली, मग पाणी घेऊन आली. मी आकड्यांचे कागद तिच्यापुढं ठेवले. तिनं उभ्यानंच पहिलं पान वाचलं, मग खाली बसून उरलेली सगळी वाचली.

"मोजलं तुम्ही," ती म्हणाली.

"तू म्हणालीस तसंच निघालं. दुरुस्ती पाठवतोय. त्यात तुझं नाव घालणार आहे."

"नावाचं काय नाही, सर. त्या दिवशी तुम्ही 'मोजून बघू' म्हणाला असता तर मी राहिले असते. घरी अडचण होती, पण माझं शिक्षण होईपर्यंत बाबा थांबायला तयार होते. मलाच वाटलं, हितं विचारून उपयोग नाही."

शिक्षण पुरं करायला परत येशील का, असं मी जाताना विचारलं. "आता नाही जमणार," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुरुस्ती तिच्या नावासह छापून आली. माझ्या मूळ निबंधाचे दाखले लोक अजून देतात. दुरुस्ती वाचलेला मला अजून कुणी भेटलेला नाही. तिला मी छापील प्रत पाठवली. चार दिवसांनी मेसेज आला: 'मिळालं सर. दहावीचे पेपर तपासतेय. झाले की नीट वाचते.'