लोखंडी बादली
मोरचुदाचा निळा रंग दिसला की खुटबावची आमची डाळिंबाची बाग आठवते. तेव्हा मी दौंडला खोली घेऊन एकटी राहत होते, अकरावीला होते. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड टाकल्यावर काय होतं, ते समीकरण मी परीक्षेत संतुलित केलं होतं. सुट्टीला घरी येताना पैकीच्या पैकी मिळालेला तो पेपर वडिलांना दाखवायला पिशवीत आणला होता. सकाळी त्यांनी फवारणीचं मोरचूद भिजवायला सांगितलं आणि मी हाताला आली ती लोखंडी बादली घेतली. थोड्या वेळात मोरचुदातलं तांबं चढून बादली आतून तांबडी झाली, औषध वाया गेलं. वडील हळूच म्हणाले, "लोखंडात मोरचूद भिजवत न्हाईत, पोरी. कालिजात सांगत न्हाईत व्हय?" मी "न्हाई" म्हणाले. पेपर पिशवीतच राहिला. अजून माझ्याकडे आहे. दाखवायला आता वडील नाहीत.