कोपरा फाटलेले कार्ड

शंकर नगरातले भार्गव पिंपळापुरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून जुन्या हॉकीपटूंच्या सह्या टपालाने गोळा करतात. पत्रासोबत ते स्वतःचा पत्ता लिहिलेले कोरे पोस्टकार्ड पाठवतात; खेळाडूने सही करून ते पेटीत टाकायचे. शाळेत असताना रायपुरात पाहिलेल्या एका रेल्वे संघातल्या दहा जणांच्या सह्या त्यांना मिळाल्या आहेत. राहिले होते फक्त गोलरक्षक अन्सेल्म एक्का, वय ब्याऐंशी, मुक्काम जशपूर. चार महिने त्यांचे उत्तर नव्हते.

गेल्या मंगळवारी कार्ड आले, पण त्याचा कोपरा फाटलेला होता. जुन्या रिवाजाप्रमाणे मृत्यूची बातमी अशा कार्डावरून येते आणि ते घरात नेत नाहीत.

"अहो, आत नका आणू," पत्नी सुजाताबाई दारातून म्हणाल्या. "तिथंच वाचा."

"तू वाच. मले नाही होत."

"काहून? हॉकीवाले तुमचे, अन् वाचू मी?"

पिंपळापुऱ्यांनी फाटकाबाहेर उभे राहूनच कार्ड उलटले. निळ्या शाईत एक्कांची सही होती. खाली हिंदीत लिहिले होते, की मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे उशीर झाला, कोपरा आमच्या कुत्र्याने खाल्ला, मी ठणठणीत आहे.

त्यांनी ते मोठ्याने वाचले आणि फाटकाला टेकून हसत राहिले.

"आता आणू का आत?"

"आणा. आंघोळ वाचली तुमची. पण हात धुवा, कुत्र्याचं उष्टं हाय ते."