टीव्हीचा आवाज

हे मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही — ना आईला, ना बायकोला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर कदाचित तुम्हालाही थाप मारली असती. मी क्रूझवर वेटर आहे. न चाखलेलं सूप अप्रतिम आहे असं रोज हसून सांगतो. पण सवयीमुळे हे घडलं असं मात्र म्हणणार नाही.

आम्ही डोंबिवलीत, मानपाड्याला राहतो. समोरच्या दारात सावंतकाकू. लहानपणी आईला कामावरून यायला उशीर व्हायचा, तेव्हा मी त्यांच्याकडेच जेवायचो. त्यांचा एकुलता एक मुलगा, नितीनदादा, नोकरीसाठी रॉटरडॅमला गेला. काका वारले तेव्हा त्याला वेळेत पोचता आलं नाही, आणि काकू फोनवर त्याला नको ते बोलून गेल्या. त्यानंतर मायलेकांचं बोलणंच बंद. दोघंही हट्टी — आधी फोन कुणी करायचा?

चार वर्षांपूर्वी माझं जहाज रॉटरडॅमला थांबणार असल्याचं काकूंना कळलं. त्या डिंकाचे लाडू घेऊन आल्या. स्टीलचा डबा, झाकणावर काकांचं नाव कोरलेलं, सोबत पत्त्याची चिठ्ठी. त्याच्या हातात दे, बाकी काही बोलू नकोस, एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांना फोन जमत नव्हता म्हणून त्या लाडू पाठवत होत्या. हे मला कळलं नव्हतं का? चांगलं कळलं होतं.

रॉटरडॅमला मला पाच तास सुट्टी मिळाली. केबिनला खिडकी नव्हती, पंधरा दिवस जमिनीला पाय लागला नव्हता — अशी कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. खरं सांगू? मला शहर बघायचं होतं. उंच पांढऱ्या पुलावरून चालत गेलो. तिरकी बांधलेली पिवळी घरं बघितली, बाजारात उभ्याउभ्या मेयोनीज घातलेले बटाट्याचे काप खाल्ले, पन्नास फोटो काढले. दादाचं घर ट्रामने वीस मिनिटांवर. आधी हे बघू, मग जाऊ — असं करता करता वेळ संपला. डबा दिवसभर माझ्या पाठीवरच्या पिशवीत होता. चालताना लाडू आत गडगडत होते.

संध्याकाळी जहाजावर डबा उघडला. मित्रांनी दहा मिनिटांत फस्त केला. दोन लाडू मी खाल्ले.

सुट्टीवर घरी आलो तेव्हा काकूंनी विचारलं. म्हटलं, गेलेलो, बेल वाजवली, कुणी उघडलं नाही, लाडू मग आम्हीच संपवले. एवढ्यावर भागलं असतं. कामावर असेल, असं काकू स्वतःच म्हणाल्या. पण त्या माझ्या हातातल्या रिकाम्या डब्याकडे बघत होत्या, आणि मला वाटलं — यांना संशय आला. थाप पक्की व्हावी म्हणून मी एक वाक्य जोडलं.

"आतून टीव्हीचा आवाज मात्र येत होता."

कशाला बोललो? आजही तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. काकूंनी डबा घेतला आणि आत गेल्या. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत देऊ नये, निदान चिमूटभर साखर घालावी, असं आई सांगत आलीय. मी तो रिकामाच दिला, वर हे वाक्य दिलं.

त्यानंतर काकूंनी दादाचं नाव काढलं नाही. कुणी विचारलं तर मजेत आहे म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. माझ्यासाठी मात्र दर सुट्टीत लाडू करायच्या. आणि मी ते खायचो. चार वर्षं.

यंदा जहाज पुन्हा तिथे लागलं. या वेळी उतरलो तो थेट ट्राममध्ये बसलो. पहिल्याच बेलला दादाने दार उघडलं. आत जायच्या आधी, उंबऱ्यातच सगळं ओकून टाकलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लाडू कसे झालेले?"

"गूळ थोडा जास्त होता."

"तिचा होतोच," असं म्हणून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याच्या घरात टीव्ही नव्हताच.

गेल्या आठवड्यात घरी आलो. बॅग दारात ठेवून आधी समोर गेलो. दादाने दिलेला बिस्किटांचा डबा काकूंपुढे ठेवला आणि फरशीकडे बघत बोललो. काहीही वगळलं नाही. काकूंनी एकच विचारलं.

"म्हणजे टीव्हीचा आवाज नव्हता?"

"नव्हता, काकू. त्याच्याकडे टीव्हीच नाहीये."

"नव्हता," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, जा तू आता. मी माफी मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागणार होतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात आलो तर त्यांचं दार लोटलेलं होतं. काकू फोनवर तावातावाने भांडत होत्या — गूळ बरोबर होता, तुलाच गोड सोसत नाही, लहानपणापासून. मध्येच हसल्या. काकूंचं हसणं चार वर्षांत मी ऐकलं नव्हतं, आणि ते बंद केलं होतं मीच.

चावी हातात धरून मी तिथेच उभा राहिलो. या वेळी आतून खरंच आवाज येत होता.