आबांनी भंडारा लावलेली ओळ

बिरूआबांचा राग त्यांच्या आधी टेकडी चढायचा. आबा अजून पायथ्याला असत, तोवर वर व्ह्यू पॉइंटवर सेल्फी काढणारे मोबाइल खिशात घालून उभे राहिलेले असत. एकदा ते वरून नुसते खाकरले, तर खाली उसाच्या फडात तोडणाऱ्यांनी कोयते टाकले. मी थापाड्या आहे हे इंदापूर ते बारामती सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा यातलं निम्मं धरा. निम्मंही कमी नव्हतं.

आबा जन्माचे मेंढपाळ. पुढं मेंढरं गेली, दोन एकर ऊस आला; पण धनगराच्या खांद्यावर घोंगडी नाही, असं मी त्यांच्याच बाबतीत पाहिलं. थंडीत दात वाजायचे, तरी पांघरायचे नाहीत. विचारलं की म्हणायचे, "माजी घोंगडी कामाला लागलीया."

कोणत्या कामाला, ते सांगतो. सरावाचं एक छोटं विमान या टेकडीवर कोसळलं, तेव्हा आबा मेंढरं घेऊन जवळच होते. सगळ्यांत आधी तेच पोचले. शिकवणारा जागीच गेला होता. शिकणारी मुलगी जराशी शुद्धीत होती. तिनं दोघांची नावं सांगितली. स्वतःचं शर्वरी, सरांचं देवदत्त. आबांनी तिच्यावर घोंगडी घातली आणि म्हणाले, "पोरी, म्या इसरत न्हाय." थोड्या वेळात तीही गेली; घोंगडी तिच्यासोबतच गेली. आबांना सही येत नव्हती, अंगठा होता. पण ही दोन नावं ते रोज सकाळी तोंड धुताना म्हणायचे.

पुढं तिथं स्मारक करायचं ठरलं. वरून नीरेकाठचा हिरवा पट्टा आणि वालचंदनगरची धुराडी दिसतात, म्हणून कठडा, बाकडी, व्ह्यू पॉइंट आणि त्यातच स्मारक. समितीचा चिटणीस मी, शाळामास्तर म्हणून. दगडावर कुणाचं नाव कुणाच्या वर, यावर सहा बैठका झाल्या. एका तात्यांचं नाव एक ओळ खाली गेलं तर ते जेवणावरून उठले. शेवटी उद्घाटक, अध्यक्ष, स्वागतोत्सुक अशी सतरा नावं बसली आणि तळाशी 'दुर्घटनेतील मृतांच्या स्मरणार्थ'. मेलेल्यांची नावं राहिली. मला ते दगड उभा केल्यावर दिसलं. तोवर मांडव पडला होता, पेढे आले होते. मी गप्प बसलो.

कार्यक्रम संपल्यावर आबा दगडापाशी आले. "मास्तर, वाचून दावा."

मी सबंध आयुष्यात हजार थापा मारल्या असतील, पण इतकी हलकी एकही नाही. सगळ्यांत वरच्या, मोठ्या अक्षरातल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "शर्वरी. देवदत्त."

आबांनी त्या ओळीवरून तळहात फिरवला, मेंढराच्या पाठीवरून फिरवावा तसा. त्यानंतर चार वर्षं दर रविवारी ते वर यायचे आणि कमरेच्या पिशवीतला खंडोबाचा भंडारा त्या ओळीला लावायचे. अक्षरं पिवळीधमक झाली होती.

पाचव्या वर्षी नव्या कठड्याच्या उद्घाटनाला पहिल्या वेळचे उद्घाटक साहेबच आले. फोटोसाठी दगडाशेजारी उभे राहिले, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हसून म्हणाले, "आमच्या नावाची पूजा चालते वाटतं इथं."

आबा पुढं झाले. "ह्ये तुमचं नाव हाय?"

"मग कुणाचं?"

"तुमी तर जित्तं हाय की," आबा म्हणाले. "चार वर्सं म्या तुमाला मेलेला धरून भंडारा लावतुया."

साहेबांची गाडी टेकडीवरून उतरली ती रस्त्याला टेकलीच नाही, असं मी सांगतो. हेही निम्मं धरा.

गर्दी पांगल्यावर आबा माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता काठी बसणार. ते हळू आवाजात बोलले, तेच जास्त लागलं. "मास्तर, थापा मारा. जित्त्या माणसावर मारा, माज्यावर मारा. मेलेल्यावर न्हाय मारायची. त्याला उठून न्हाय म्हनता येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते गेरू घेऊन दारात उभे. कोकरांच्या पाठीवर खूण करायचा तोच तांबडा गेरू. "चला. लिवा." सतरा नावांच्या उरावर मी हातभर अक्षरात दोन नावं लिहिली. समितीनं ती धुतली. आम्ही पुन्हा लिहिली. त्यांनी पाण्याचा टँकर आणला, आम्ही बादलीभर गेरू कालवला. या भांडणात मी चिटणीसपद घालवलं आणि गावातले उरलेले शहाणे मित्रही.

गेल्या थंडीत आबा गेले. घरच्यांनी अंगावर नवी घोंगडी घातली. मला ती बघवेना.

आता रविवारी मी एकटाच गेरू घेऊन वर जातो. फिरायला आलेले विचारतात, "आजोबा, ही कुणाची नावं?" मी काही न वाढवता सांगतो. ते खालची कोरलेली नावं वाचतात, माझ्याकडं बघतात, एकमेकांना डोळा घालतात. म्हातारा थापा मारतोय. जन्मात एक गोष्ट पुरती खरी सांगतोय, आणि दगड मला खोटं पाडतो.

मग मी खाकरतो. आबांसारखं अजून जमत नाही. पण परवा एकानं मोबाइल खिशात घातला.