पंगत आणि शनी

आमच्या साडूंइतका अंधारावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात झाला नाही आणि पुढंही होणार नाही, हे मी कुठंही लिहून द्यायला तयार आहे. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत सगळं गाव कपाळाला हात लावून बसायचं, आणि साडू मात्र गच्चीवर जाऊन "गेली, गेली!" असं पोरगा पास झाल्यासारखे ओरडायचे. एकदा ऐन परीक्षेच्या दिवसांत सलग तीन संध्याकाळी वीज गेली, तर या गृहस्थांनी गल्लीत पेढे वाटले. समोरच्या वहिनींनी पेढा घेतला आणि वर चार शब्दही सुनावले. साडू ढिम्म. "वैनी, वर बघा की जरा, मृग कसला फुललाय! अभ्यास काय, उद्याबी हाय," म्हणाले.

त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, त्यातली त्यांची थोरली. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. साडू शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे लोखंड ओतायच्या साच्यासाठी आधी लाकडाचा नमुना करायचं त्यांचं काम. हात असा की लाकडाला केसाएवढी चूक माफ नाही. या हाताला एके दिवशी दुर्बीण करायची हुक्की आली. दुर्बिणीला लागणारा खोलगट आरसा विकत आणायचा तर तो साडूंचा अपमान. त्यांनी जाड काचेच्या दोन चकत्या आणल्या, परसात तेलाचं रिकामं पिंप उभं केलं, एक चकती त्यावर पक्की बसवली आणि दुसरी तिच्यावर पावडर-पाणी घालून घासत पिंपाभोवती फिरायला लागले. कामावरून आले की चहा, आणि चहा झाला की फेऱ्या. असे आठ महिने. शेजारच्या म्हातारीनं न राहवून विचारलं, "कुणाचा नवस हाय रं बाबा?" साडू न थांबता म्हणाले, "शनीचा." दुसऱ्या दिवशी पिंपापाशी नारळ ठेवलेला होता.

आरसा झाला झकास. घोटाळा झाला तो स्टँडमध्ये. फौंड्रीतल्या माणसाला हलकं काही करताच येत नाही. लोक दुर्बिणीला लाकडी तिकाटणं करतात, साडूंनी बिडाचा स्टँड ओतून घेतला. "हलाय नको," एवढंच त्यांचं म्हणणं. हलत नव्हताच. तो टेम्पोत चढवायला तालमीतले चार गडी लागायचे आणि मग टेम्पो हलत नसे.

या स्टँडच्या जोरावर आमचं खगोल मंडळ उभं राहिलं. सभासद अकरा, त्यातले पाच नात्यातले. माझ्याकडं टॉर्चला लाल कागद गुंडाळायचं खातं होतं, का तर पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात. कोल्हापुरात मंडळ म्हटलं की लायटिंग आणि आवाज. लाईट घालवा म्हणून हातापाया पडणारं आमचं एकच. गावोगावी जायचं, शाळेच्या मैदानात दुर्बीण लावायची आणि आल्या-गेल्याला आकाश दाखवायचं. त्यातही साडूंची एक अट, आकाश दाखवायचं ते जेवू घालूनच. "रिकाम्या पोटी दिसत्यात ते काजवं, तारं न्हाईत," असं ते म्हणायचे. आणि जेवू घालायचं म्हणजे कोणी? आक्कानं. आक्का चुलीपाशी बसायची, मग वाढायला उभी राहायची, मग शेवटी बायकांची पंगत, मग भांडी. तोवर शनी मावळलेला आणि दुर्बीण टेम्पोत.

घरी दाखवावा, तर स्टँड जिन्यावरून चढत नव्हता आणि गल्लीत दोन घरांच्या मधून चंद्रसुद्धा धड दिसत नसे. मी एकदा आक्काला छेडलं, तर म्हणाली, "मला काय करायचाय वो शनी? घरात हाय तेवढा बास." साडू हसले. पण जोतिबाच्या डोंगरावरून कार्यक्रम करून उतरताना टेम्पोत हळूच मला म्हणाले, "पावणं, समद्या जिल्ह्याला शनी दावला. हिला न्हाई दावला. पुढच्या खेपेला काय वाट्टेल ते हुंदे." एवढा दबका आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

पुढची खेप पेठ वडगावची, मे महिन्यातली. त्या दिवसांत शनीचं कडं आपल्या बाजूला झुकून पुरं उघडलेलं होतं, पण अंधार पडतानाच तो पश्चिमेला कललेला. शाळेच्या कुंपणाला चिंचेचं मोठं झाड. साडूंनी दुपारीच अंदाज घेऊन सांगितलं होतं, साडेनऊला तो चिंचेमागं जाणार. स्टँड एकदा टेकला की टेकला, सरकवायचा प्रश्नच नाही. आणि माणसं आली दुप्पट! पहिली पंगत उठली, दुसरी उठली, तिसरी उठली. सव्वानऊला चौथी बसली, आणि आक्का आमटीची बादली घेऊन उभी.

साडू तिच्यापाशी गेले. "चल."

"पंगत बसलीया, दिसत न्हाई व्हय?"

"शनी निघालाय."

"जाऊ द्या की. माणसं ताटावर हायती."

साडूंनी एकदा चिंचेकडं पाहिलं, एकदा पंगतीकडं. मग ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता, त्यानं आक्काच्या हातातली बादली काढून घेतली. "पावणंहो, आता मी वाढणार! सांडलं तर गोड मानून घ्या!" असं ओरडले, आणि मला खुणेनं सांगितलं, हिला घेऊन जा.

मी लाल टॉर्च दाखवत आक्काला नेलं. तिनं पदराला हात पुसले, स्टुलावर बसली, डोळा लावला. मी साडूंची पाठ झालेली माहिती सुरू केली, "तर आक्का, हे कडं म्हणजे..."

"गप बसा वो दाजी जरा."

मागं पंगतीत कोणीतरी कळवळून म्हणत होतं, "अवो, लापशीवर आमटी?" आणि साडूंचं उत्तर, "खावा की! पोटात समदं एकच हुतंय!" आक्का हललीसुद्धा नाही. चिंचेची पानं मध्ये येईपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं मान वळवून गॅसबत्तीच्या उजेडात बादली घेऊन वाकलेल्या नवऱ्याकडं पाहिलं, तेही तितकाच वेळ.

ती परत गेली आणि बादली घेतली. साडूंनी विचारलं, "दिसला?"

"व्हय. बारकुसा हाय. लई लांब एकटाच बसलाय की वो." आणि मग ताटांकडं बघून, "लापशीवर आमटी वाढलासा व्हय तुमी?"

येताना टेम्पोत साडू सारखं एकच विचारत होते, "पावणं, बघताना तिचं तोंड कसं झालतं? मी हिकडं वाढत हुतो." मी जमेल तसं सांगितलं. तसं सांगून ते कळत नाही, हे त्यांनाही कळलं.

त्यानंतर त्यांचं छातीचं ऑपरेशन झालं आणि काही वर्षं दौरे बंद पडले. परवा पुन्हा वडगावला गेलो. आता मंडळाचा नवा नियम आहे, पहिल्यांदा आक्का, मग पाहुणे. शनीही यंदा डोक्यावर, घाई नाही. आक्का स्टुलावर बसली. साडू गुडघ्यांवर हात ठेवून शेजारी वाकले, आकाशाकडं पाठ करून, नुसते तिच्या तोंडाकडं बघत.

"अवो, कडं कुठं गेलं?" आक्का म्हणाली.

साडूंचा चेहरा उतरला. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून ऐकायची तयारी नव्हती. "आडवं झालंय. रेघंगत दिसतंय. पुरं उघडाय अजून आठ वर्सं लागत्यात."

आठ वर्षं. मी मनातल्या मनात त्यांच्या वयात आठ मिळवले आणि उगाच मिळवले असं झालं.

"मग आठ वर्सांनी यायचं की," आक्का डोळा न काढता म्हणाली, "त्यात काय एवढं? फकस्त तवा आचारी सांगा. तुमचं वाढणं नगं आन् माझंबी नगं."

साडूंनी खिशातली डायरी काढली, माझ्या टॉर्चच्या लाल उजेडात डोळ्यांजवळ धरली, शेवटचं पान शोधलं आणि सावकाश लिहिलं, 'वडगाव. आचारी सांगणे.' मग मला म्हणाले, "पावणं, तुमीबी मोकळं ऱ्हावा त्या वर्सी."

मी म्हटलं, "राहतो की."